सुदान पेटणार हे आधी कळत होतं का? मस्जिद बंदरच्या एका माणसाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक मुलगा, वय चोवीस, नवी मुंबईतल्या एका इंपोर्टच्या ऑफिसात नुकताच लागलाय. त्यांचा माल आफ्रिकेतल्या अशा देशातून येतो जिथे गेले काही महिने गटागटांत मारामाऱ्या चालल्यात, बातम्यांत रोज "परकीय हात" येतोय, आणि साहेब विचारतायत की पुढच्या सीझनचा ॲडव्हान्स पाठवायचा की थांबायचं. म्हणून तो विचारतोय की एखादा देश यादवीच्या कडेला आलाय हे इथे बसून कळतं का, आणि आग लावतं नक्की कोण, बाहेरचे की घरातलेच. सुदानचं उदाहरण घेऊन सांगा म्हणालाय.

वयाने माझ्या मुलाएवढा आहेस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस. मी सत्तावीस वर्षं मस्जिद बंदरला डिंक आणि तिळाच्या धंद्यात काढली, शेठ कच्छी, हिशेब गुजरातीत, शिव्या मात्र शुद्ध मराठीत. माझं काम म्हणजे सॅम्पल बघायचं, कागद बघायचे, आणि पेमेंट अडकलं की ज्याच्या नावाने सगळे ओरडतात तो मी. सुदानला अकरा वेळा गेलोय, खार्तुम, अल-उबैद, पोर्ट सुदान. मी काही राज्यशास्त्राचा प्राध्यापक नाही, त्यामुळे इथे थिअरी मिळणार नाही, जे दिसलं ते सांगतो.

आग कोण लावतं याचं उत्तर "दोन्ही" असं देऊन मोकळं होता येतं, टीव्हीवर सगळे तेच करतात, पण त्याचा तुला काही उपयोग नाही. माझं मत असं की भांडणं घरचीच असतात, जुनी असतात, आणि नव्वद टक्के वेळा कुणीतरी म्हातारा मध्ये पडून ती मिटवतो. ती मिटेनाशी कधी होतात, तर एका बाजूला देशाच्या तिजोरीला हात न लावता स्वतःच्या माणसांना पगार वाटता येतो तेव्हा. तोपर्यंत कितीही शिवीगाळ झाली तरी महिन्याच्या एक तारखेला सगळ्यांना एकाच खिडकीसमोर उभं राहायचं असतं ना. दुसरी खिडकी उघडली की विषय बदलतो. आणि ती दुसरी खिडकी बहुतेक वेळा बाहेरच्या पैशावर चालते.

आपल्याला हे नवीन नाहीये खरं तर. मी राहतो मुलुंडला, म्हणजे जुन्या साष्टी बेटावर. ही साष्टी इंग्रजांकडे कशी गेली? राघोबादादा आणि बारभाई यांचं भांडण शंभर टक्के घरचं होतं, शनिवारवाड्यातलं. १७७५ साली सुरतेला तह झाला, मुंबईच्या इंग्रजांनी राघोबाला पलटण द्यायची, खर्च त्याने सोसायचा, आणि बदल्यात साष्टी आणि वसई. ठाण्याचा किल्ला तर त्याच्या आधीच, १७७४ च्या डिसेंबरात घेऊन टाकला होता. भाऊबंदकी इंग्रजांनी शिकवली नाही, ती आपल्याकडे भरपूर होती, पण पुण्याच्या खजिन्यातला एक रुपया न मागता राघोबाला फौज मिळाली आणि मग तो घरी परत यायचा प्रश्नच संपला. सुदानचं पुढचं सगळं वाचताना हा राघोबा डोक्यात ठेव.

आता सुदान. आधी डिंकाबद्दल दोन ओळी, कारण माझी खिडकी तीच आहे. जगातला बराचसा, म्हणजे साधारण सत्तर-ऐंशी टक्के अरबी डिंक सुदानमधून येतो. सेनेगलपासून सुदानपर्यंत बाभळीचा एक पट्टा आहे, त्यात सुदानच्या मध्यातल्या कुर्दोफानचा माल सगळ्यात चांगला. त्याला म्हणतात हशाब, फिकट पिवळसर गोळे, फोडला की आत काचेसारखी चमक, रात्रभर पाण्यात टाकला तर सकाळी स्वच्छ विरघळतो, चव जवळजवळ नाहीच. दुसरा तलहा, लालसर, ठिसूळ, पोत्यात निम्म्याचा भुगा होऊन येतो, स्वस्त. कोल्ड्रिंक, गोळ्या-चॉकलेट, औषधाच्या टॅब्लेट, छपाईची शाई सगळीकडे हा लागतो. अमेरिकेने १९९७ मध्ये सुदानवर निर्बंध घातले तेव्हा डिंकाला त्यातून सूट मिळाली, आणि २००७ मध्ये सुदानच्या राजदूताने वॉशिंग्टनमध्ये पत्रकारांसमोर कोकची बाटली धरून दाखवली होती, म्हणजे समजा काय ते. तर "परकीय हात" म्हणताना रणगाडेच आठवू नयेत. गरजू गिऱ्हाईक हा पण परकीय हातच असतो. त्या हिशोबाने मी पण.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात झाडाला चिरा मारतात, महिना-दीड महिन्याने डिंक गोळा करतात. आता गंमत बघ, झाड शेतकऱ्याचं, आणि त्याच वेळी उंटवाले त्यांचे कळप घेऊन उत्तरेकडून खाली सरकतात. उंटाला बाभळीचा पाला आवडतो. म्हणजे दर वर्षी भांडण ठरलेलं! पश्चिमेच्या दारफुरमध्ये तर याहून जास्त, तिथे जमीन जमातीच्या नावाने असते, त्याला "दार" म्हणतात, दार फुर म्हणजे फुर लोकांचा मुलूख. शेती करणाऱ्या फुर, मसालित यांच्याकडे दार आहे, उत्तरेच्या उंट पाळणाऱ्या रिझेगात अरबांकडे स्वतःचा दार नाही. १९८० च्या दशकात मोठा दुष्काळ पडला, वाळवंट खाली सरकलं, कळप आधी शेतात आणि मग बंदुका कळपाच्या मागोमाग.

पण हे सगळं असूनही शतकानुशतकं ते एकत्र राहिले, कारण "जुदिया" नावाची पद्धत होती, दोन्हीकडचे म्हातारे झाडाखाली बसायचे, मेलेल्या माणसाची "दिया", म्हणजे नुकसानभरपाई, ठरायची, गुरं द्यायची, विषय संपला. उबैदला आमचा जो दलाल होता (त्याला सगळे हाजीच म्हणायचे, मी पण) तो अशा दोन-तीन बैठकांना बसलेला. तो मला म्हणायचा की निमेरीने ते म्हातारे घालवले तिथून बिघडायला लागलं. निमेरी म्हणजे १९६९ ला आलेला लष्करी राष्ट्राध्यक्ष, त्याने सत्तरीच्या सुरुवातीला जमातींच्या प्रमुखांचा कारभार कायद्याने मोडीत काढला, आधुनिक प्रशासन आणायचं म्हणून. आधुनिक प्रशासन आलंच नाही, म्हातारे मात्र गेले.

त्याच्या वर दुसरी भेग, ती खार्तुमची. नाईलच्या काठचे लोक, शायगिया, जालिन, दनागला, यांच्याच हातात १९५६ च्या स्वातंत्र्यापासून लष्कर, बँका, व्यापार, सगळं. पश्चिमेचे लोक त्यांना "जल्लाबा" म्हणतात, म्हणजे व्यापारी, पण म्हणताना थुंकल्यासारखं म्हणतात. इंग्रजांनी दक्षिण सुदान उत्तरेपासून तोडून ठेवलेलाच होता, १९२२ पासून उत्तरेच्या माणसाला दक्षिणेत परवान्याशिवाय जाता यायचं नाही. मग १९५५ ते १९७२ एक यादवी, १९८३ ते २००५ दुसरी, आणि २०११ ला दक्षिण वेगळं झालं ते जवळजवळ तीन चतुर्थांश तेल घेऊन.

तसा हा देश आपल्याला अगदीच परका नाही. खडकवासल्याला एनडीएची जी मुख्य घुमटाची इमारत आहे तिचं नाव सुदान ब्लॉक, दुसऱ्या महायुद्धात तिकडे लढलेल्या भारतीय जवानांसाठी सुदान सरकारने पैसे दिले होते त्यातून ती उभी राहिली. १९५३ ची त्यांची पहिली निवडणूक घेणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष होते सुकुमार सेन, तेच, आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. आणि ओमदुर्मानमध्ये गुजराती घरं दीडशे वर्षांपासूनची. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथे खाल्लेला हांडवा घाटकोपरपेक्षा बरा होता, असो.

आता दुसऱ्या तिजोरीकडे येऊ, हा भाग नीट वाच.

२००३ मध्ये दारफुरच्या बंडखोरांनी हत्यार उचललं तेव्हा राष्ट्राध्यक्ष ओमर अल-बशीरने लष्कर पाठवायच्या ऐवजी उंटवाल्या अरब टोळ्यांना बंदुका दिल्या. त्यांनाच म्हणतात जंजावीद. स्वस्तात काम होतं, पेन्शन नको, ग्रॅच्युइटी नको. त्यातलाच एक, मोहम्मद हमदान दगालो, लोक हेमेदती म्हणतात, मूळचा उंटांचा व्यापारी, शिक्षण अर्धवट. २०१३ मध्ये याच टोळ्यांना युनिफॉर्म चढवून रॅपिड सपोर्ट फोर्सेस, आरएसएफ, उभी केली, आणि २०१७ मध्ये तिचा स्वतंत्र कायदा. बशीरचा हिशोब सरळ होता, माझंच लष्कर माझ्यावर उलटलं तर ही फौज मला वाचवेल. अरबीत "हिमायती" म्हणजे माझा रक्षक, त्यावरून तो हेमेदतीच्या नावावर कोटी करायचा म्हणे.

इथपर्यंत पैसा बशीरचाच. मग दोन गोष्टी झाल्या. तेल गेल्यावर सगळा देश सोनं खणायला लागला. उत्तर दारफुरमधल्या जबल आमिरला २०१२ मध्ये मोठं सोनं सापडलं, त्यासाठी अरब टोळ्याच आपापसात मेल्या, आणि २०१७ मध्ये ती खाण आरएसएफच्या हातात गेली. सोनं जातं कुठे, दुबईला. दुसरी गोष्ट येमेन. २०१५ पासून सौदी आणि अमिरातीच्या लढाईत सुदानी पोरं लढायला जायला लागली, आरएसएफची हजारो. पगार डॉलरच्या हिशोबाने, आणि त्या पैशाचा मोठा भाग अर्थखात्यातून न जाता थेट फौजेकडे.

मला बत्ती पेटली ती २०१९ च्या वसंतात. बशीर पडला ११ एप्रिलला, आधी अतबरामध्ये पावाची किंमत एका पाउंडाची तीन पाउंड झाली त्यावरून डिसेंबर २०१८ मध्ये लोक रस्त्यावर आले होते, तिथून पेटत पेटत खार्तुमला लष्कराच्या मुख्यालयाबाहेर ठिय्या. बशीर गेल्यावर हेमेदतीने जाहीर सांगितलं की आम्ही मध्यवर्ती बँकेला अब्जाहून जास्त डॉलर दिले, येमेनमधल्या पोरांचे पगार आणि सोन्याचे पैसे आहेत. मी ऑफिसात शेठना ते वाचून दाखवलं. शेठ चहा पिता पिता थांबले आणि म्हणाले, सरकारला उधार देणारा नोकर कधी बघितलायस? बास. एवढंच म्हणाले. त्या वर्षी आम्ही ॲडव्हान्स निम्मा केला.

लष्कर पण काही साधू नव्हतं हां. त्यांच्या स्वतःच्या कंपन्या, पीठ गिरणीपासून शस्त्रांपर्यंत, कशाचाच हिशोब बजेटमध्ये नाही. नागरी पंतप्रधान झालेले अब्दल्ला हमदोक यांनी २०२० मध्ये उघड सांगितलं की देशाच्या ऐंशी टक्क्यांहून जास्त पैशावर अर्थखात्याचा ताबाच नाही. म्हणजे एका देशात दोन तिजोऱ्या झाल्या, आणि मधे बिचारा हमदोक रिकामा गल्ला घेऊन बसलेला.

आता बाहेरचे. इजिप्तला लष्कर जवळचं, दोन्हीकडे लष्करशाहीच, शिवाय नाईलच्या पाण्याचा आणि इथियोपियाच्या मोठ्या धरणाचा विषय. अमिरातीला सोनं, शेतजमीन आणि तांबड्या समुद्रावरचं बंदर. डिसेंबर २०२२ मध्ये पोर्ट सुदानच्या उत्तरेला अबू अमामा इथे सहा अब्ज डॉलरच्या बंदराचा करार झाला होता, युद्ध सुरू झाल्यावर लष्करी सरकारने तो रद्द करून टाकला. रशियाच्या वॅग्नर नावाच्या भाडोत्री फौजेला २०१७ पासून सोनं, आणि रशियन नौदलाला तळ हवा. तेव्हा अमेरिका, ब्रिटन, सौदी आणि अमिरात मिळून "क्वाड" म्हणून मध्यस्थी करायचे, आपला तो क्वाड वेगळा, हे नाव ऐकून गोंधळू नकोस.

यात लोक एक चूक करतात, असं समजतात की या सगळ्यांनी एका खोलीत बसून युद्ध ठरवलं. मला तसं अजिबात वाटत नाही. इजिप्त आणि अमिरात एकमेकांचे मित्र आहेत, अमिरातीचा पैसा इजिप्तमध्ये किती आहे बघ, आणि तरी दोघांचे घोडे वेगळे. कुणालाच लांबलेलं युद्ध नको होतं, धंद्याचं नुकसान होतं. पण प्रत्येकाला वाटत होतं की आपला माणूस आठवड्यात जिंकेल, आणि घोड्याला दाणा घालणं कुणीच थांबवलं नाही. घोडे पण मूर्ख नव्हते, बरं का. हेमेदती अबू धाबीला गेला, मॉस्कोला गेला, युक्रेनचं युद्ध सुरू झालं त्याच आठवड्यात तो मॉस्कोत होता. बाहेरचे त्याला वापरत होते तसाच तो बाहेरच्यांना. राघोबा इंग्रजांच्या दारात स्वतःच्या पायाने गेला होता, कुणी उचलून नेला नव्हता.

आणि हे लिहिताना आपण धुतल्या तांदळाचे आहोत असंही नाही. ऐंशीच्या दशकात श्रीलंकेतल्या तमिळ गटांना आपल्याच इथे ट्रेनिंग मिळालं, मग १९८७ मध्ये आपलंच सैन्य त्यांच्याशी लढायला गेलं आणि अकराशेहून जास्त जवान गेले. शेजारच्या घरात तिजोरी ठेवली की तिची किल्ली आपल्याकडे राहत नाही.

चांगल्या हेतूने केलेलं पण अंगाशी येतं. २५ ऑक्टोबर २०२१ ला लष्करप्रमुख बुरहान आणि हेमेदती या दोघांनी मिळून हमदोकला उचललं, तोपर्यंत दोघे भागीदार होते हे विसरू नकोस. मग बाहेरच्यांनी दबाव टाकून ५ डिसेंबर २०२२ ला एक करार करवून घेतला, सत्ता पुन्हा नागरिकांकडे, आणि आरएसएफ लष्करात विलीन. किती दिवसांत? लष्कर म्हणालं दोन वर्षं, हेमेदती म्हणाला दहा. आता दुकानदाराच्या नजरेने बघ, विलीन म्हणजे काय, तुझी तिजोरी आमच्या तिजोरीत ओत. कोण ओतेल? सहीची तारीख आधी १ एप्रिल २०२३ ठरली, मग ६ एप्रिल, दोन्ही हुकल्या. जो प्रश्न दहा वर्षं पुढे ढकलत जगता आलं असतं तो तारीख देऊन टेबलावर ठेवला. १३ एप्रिलला बातमी आली की उत्तरेला मेरोवीच्या विमानतळाजवळ आरएसएफच्या गाड्या जमल्यात, आणि तिथे इजिप्तचे सैनिक होते. १५ ला शनिवारी सकाळी खार्तुममध्ये गोळीबार सुरू.

मला तारीख आधी माहीत होती का? छे. माझा अंदाज पावसाळ्यानंतरचा होता, आणि तो मला महाग पडला, ते पुढे सांगतो. पण येणार हे दिसत होतं, आणि बातम्यांपेक्षा कागदांत जास्त दिसत होतं.

उबैदहून पोर्ट सुदानला ट्रक निघतो, हजार किलोमीटरच्या वर रस्ता, वाटेत नाके. पूर्वी ड्रायव्हरच्या फाइलमध्ये पावत्या असायच्या तीन-चार, सगळ्यांवर सरकारी शिक्का, पैसे जास्त घेतले असतील पण घेणारा एकच. २०२२ च्या सीझनला एका ट्रकची फाइल स्कॅन होऊन आली त्यात सात पावत्या. त्यातल्या दोनांवर शिक्काच नव्हता, नुसतं हाताने लिहिलेलं, खाली सही, आणि रक्कम सगळ्यात मोठी त्यांचीच. मी हाजीला फोन करून विचारलं हे काय, तर तो म्हणाला यांच्याशिवाय ट्रक पुढे जात नाही. विचारलं सरकारी पावती दाखवली तर? तो हसला. एका पोत्यावर दोन जण हक्काने कर घेतात आणि दोघांचीही पावती चालते, ही माझ्यासाठी सगळ्यात मोठी खूण. कागदावर देश एक, नाक्यावर दोन झालेले.

दुसरी खूण पेमेंटची. हाजी पूर्वी म्हणायचा निम्मे खार्तुमच्या बँकेत टाक. मग म्हणाला सगळे दुबईच्या खात्यात. यात नवल नाही, बाजारातला डॉलर आणि बँकेतला डॉलर यात अंतर असलं की सगळेच तसं करतात, फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारने डॉलरचा भाव ५५ पाउंडांवरून एकदम ३७५ ला नेला तो त्या अंतरामुळेच. त्यावर फार जाऊ नकोस. मला खटकलं ते वेगळंच, २०२३ च्या फेब्रुवारीत तो म्हणाला की ॲडव्हान्स नकोच, माल चढल्यावर बघू. अरे, व्यापारी ॲडव्हान्स नको म्हणतोय! म्हणजे त्यालाच खात्री नव्हती की माल चढेल. त्याच महिन्यात कळलं की त्याने बायको-मुलींना कैरोला ठेवलंय, "शाळेसाठी". फेब्रुवारीत शाळेची ॲडमिशन कोण घेतं.

आता उलटं उदाहरण पण सांगतो, नाहीतर तुला प्रत्येक दगडफेकीत यादवी दिसेल. सप्टेंबर २०२१ मध्ये पूर्वेच्या बेजा लोकांनी पोर्ट सुदानचं बंदर आणि रस्ता अडवला, त्यांची तक्रार जुनी आणि खरी, बंदर आमच्या जमिनीवर आणि आम्हाला काय मिळतं. सहा आठवडे सगळं बंद. आमचे तीन कंटेनर आत, शिपिंग लाइनचं भाडं चढतंय, मुंबईत गिऱ्हाईक बोंबलतंय. यामागे अमुक देश, तमुक देश, सगळ्या अफवा होत्या. मला वाटलं झालं, हीच यादवी. नोव्हेंबरच्या सुरुवातीला अडवणूक उठली, कंटेनर आले, एका पोत्याला ओल लागली होती बाकी काही नाही. बेजांचं दुःख दारफुरपेक्षा कमी नव्हतं. पण त्यांच्याकडे खाण नव्हती, दुबईत कंपनी नव्हती, महिन्याला पगार देऊन पोसलेली फौज नव्हती. भेग होती, पाचर मारायला कुणी आलं नव्हतं. लेबनॉन, लिबिया, येमेन कुठेही बघ, मी तिथे काम केलेलं नाही म्हणून खोलात जात नाही, पण पगार कोण देतंय हे शोधलंस की निम्मं कोडं सुटतं.

माझं नुकसान. एप्रिल २०२३ ला आमचा दोन कंटेनरचा हशाब खार्तुमच्या गोडाऊनमध्ये पॅक होऊन पडलेला, ईदनंतर निघणार होता. लूट झाली, पोती पण गेली आणि गोडाऊनचं छप्पर पण. मी शेठना म्हणालो काळजी नको, आपल्याकडे वॉर रिस्कचा विमा आहे. विमा कंपनीने पत्र पाठवलं, क्लेम नामंजूर. आणि कंपनीचं चूक नव्हतं, सत्तावीस वर्षं धंद्यात असून मीच कलम नीट वाचलं नव्हतं. मालावरचा वॉर रिस्क विमा साधारणपणे माल जहाजावर असतानाच चालतो, जमिनीवर नाही. कलमात "सिव्हिल वॉर" शब्द स्पष्ट आहे, वाचून बरं वाटतं, पण ती यादवी तुझ्या मालाला समुद्रात गाठली तर! आणि परिस्थिती बिघडली की सात दिवसांची नोटीस देऊन ते कव्हर काढून घेतात. हे तुझ्या साहेबांना आजच दाखव, बाकीचं उत्तर नाही वाचलं तरी चालेल.

त्या एप्रिलच्या शेवटी ऑपरेशन कावेरी झालं, आपली आयएनएस सुमेधा पोर्ट सुदानहून पहिल्या खेपेला २७८ जणांना जेद्दाला घेऊन गेली, मग विमानं, त्यातलं एक मुंबईलाही उतरलं. ओमदुर्मानचे एक ओळखीचे काका त्यात होते, चार पिढ्या तिकडेच, मराठी-गुजराती दोन्ही तोडकंमोडकं. मी न्यायला गेलो तर हातात एक पिशवी, त्यात दुकानाच्या किल्ल्या. म्हणाले सवयीने उचलल्या.

पुढचं तुला माहीत असेल. जून २०२३ मध्ये पश्चिम दारफुरमधल्या जेनेनात मसालितांची कत्तल, म्हणजे दारचं जुनं भांडण, पण या वेळी म्हाताऱ्यांऐवजी बंदुका. चादच्या पूर्वेकडच्या अमजारास विमानतळावरून आरएसएफला हत्यारं जातात असे आरोप झाले, संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी ते विश्वासार्ह म्हटले, अमिरात नाकारते. लष्कराकडे इराणी आणि तुर्की ड्रोन. मार्च २०२५ मध्ये लष्कराने खार्तुम परत घेतलं, ऑक्टोबरात पाचशेहून जास्त दिवसांच्या वेढ्यानंतर उत्तर दारफुरमधलं अल-फाशेर आरएसएफने घेतलं. एक कोटीहून जास्त लोक घर सोडून. आणि डिंक? डिंक येतोय की! कुर्दोफानचा हशाब आता शेजारच्या देशांतून फिरून, दुसऱ्या देशाचा कागद लावून बाजारात येतो. मला सॅम्पल दाखवलं तर मी फोडून सांगतो की हा माल कुठला, कागद काहीही म्हणो. घ्यायचा की नाही यावरून माझं आणि शेठच्या मुलाचं वाजलं, आणि मी रिटायर झालो ते त्याच्या पुढच्याच महिन्यात. त्या पोत्याचा कर वाटेत कुणाच्या तिजोरीत पडला हे मला माहीत होतं, एवढंच सांगतो.

आता तुझा देश. कुठला ते तू लिहिलं नाहीस, लिहूही नकोस इथे. ॲडव्हान्स पाठवायच्या आधी बातम्या वाचत बसू नकोस, तिथल्या दलालाला सरळ फोन लाव, गेल्या सीझनच्या आणि या सीझनच्या एकेका ट्रकची पूर्ण फाइल मागव, बिल नको, वाटेतल्या पावत्या हव्यात. दोन्ही शेजारी ठेव, मोज, शिक्के बघ. मग गप्पांच्या ओघात विचार की घरची मंडळी कुठे असतात हल्ली. आणि तिथल्या पोलिसाला, शिपायाला आणि "दुसऱ्या" फौजेतल्या पोराला महिन्याला किती मिळतात हे कुणालाही विचार, ड्रायव्हर लोकांना पाठ असतं. दुसऱ्या फौजेतल्या पोराला शिपायाच्या दुप्पट आणि तेही वेळेवर मिळत असतील, तर मला मेसेज कर, जो माल आधीच पॅक झालाय तो कुठल्या बंदरातून लवकर काढता येईल ते बघू, माझ्याकडे अजून दोन-तीन शिपिंग लाइनवाल्यांचे नंबर आहेत.